‘गेट’चे एकेचाळीस अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत कामाची वाटणी झाली, तेव्हा मौनीबुवांच्या वाट्याला एकच शब्द आला. बाकीच्यांना अख्खी अक्षरं मिळाली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना तर क्यू, एक्स आणि झेड अशी तीन अक्षरं मिळाली होती, आणि तिन्हींचे मिळून शब्द मूठभर असले तरी ते आठवडाभर छाती पुढे काढून फिरत होते. मौनीबुवांना मिळालं ‘गेट’. फाटकाला आपण गेट म्हणतो ते नव्हे. मिळालं, झालं, पोचलो, कळलं, ऊठ, नीघ, या सगळ्यांसाठी इंग्रजी माणूस ज्या एकाच क्रियापदाला जुंपतो, ते गेट.

मौनीबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी ते उपसंपादक म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी संपादकबाईंनी “जागा आवडली का?” असं विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी “काम समजलं का?” असं विचारलं, तेव्हाही हलवली. आठव्या दिवशी छतातून गळणारं पाणी त्यांच्या टेबलावर तासभर ठिबकत होतं आणि हे नुसते कागद डावीकडे सरकवत बसले होते. ते पाहून बाईंनी त्यांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

तसे ते तुसडे नव्हते. बोलायला त्यांची काही हरकत नव्हती. फक्त तोंड उघडण्याआधी वाक्य मनातल्या मनात तपासून घ्यायची सवय होती, आणि तपासून होईपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असायचा.

नवा कोश शाळेतल्या मुलांसाठी होता. महिन्याभराने मौनीबुवांनी ‘गेट’ची पहिली नोंद बाईंपुढे ठेवली. समानार्थी शब्दांची रांगच्या रांग होती: ऑब्टेन, अक्वायर, रिसीव्ह, प्रोक्युअर. त्याखाली आपल्या भाषेत मिळवणे, प्राप्त करणे, संपादन करणे, हस्तगत करणे. आणि उदाहरण: ‘त्याने कष्टाने ज्ञान संपादन केले.’

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. “मौनीबुवा, तुमच्या घरी शेवटची सर्दी कुणाला झाली?”

“आईला.”

“त्यांनी ती प्रोक्युअर केली का?”

मौनीबुवांनी मान आडवी हलवली.

“हस्तगत केली?”

मान पुन्हा आडवी.

“मग हे कुणासाठी लिहिलंय? गेट हा घरात वावरणारा शब्द आहे, त्याला तुम्ही कोट-टोपी घालून मिरवणुकीत बसवलाय. हे उचला. रोजच्या बोलण्यातली वाक्यं आणा, आणि मनाने रचलेली नकोत, मला ती वासावरून कळतात. घरात, जिन्यात, दुकानात माणसं जे बोलतात ते आणा. कान उघडे ठेवा. तेवढं तरी तुम्हाला येतं.”

मौनीबुवांनी मान हलवली आणि नोंद उचलली.

अडचण अशी होती की त्यांच्या घरात गेट असं कुणी म्हणत नव्हतं. माणसं आपल्याच भाषेत बोलत होती. तेव्हा आपल्या भाषेतलं असं वाक्य हेरायचं, की जे इंग्रजीत नेलं तर गेटशिवाय उभंच राहू नये. उशीर होतोय, हे गेट. कंटाळा आलाय, हेही गेट. त्याच्याकडून एवढं करून घ्या, हे तर पक्कं गेट. मौनीबुवांनी खिशात मावेल अशी एक वही घेतली आणि कामाला लागले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माणसं चार. मौनीबुवा, त्यांची बायको, आई आणि मेहुणा. मेहुणा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. बदली होऊन या गावात आला, तेव्हा खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस बहिणीकडे राहीन म्हणाला होता. त्याला आता अडीच वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर त्याच्या अंगाचा खळगा पडला होता.

आईला ऐकू कमी येत होतं, पण जेवढं येत होतं तेवढ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. मुलाला ऑफिसात गेट दिलंय, हे तिने एवढंच ऐकलं आणि संध्याकाळी जिन्यात शेजारणीला सांगितलं, “एवढा शिकलेला मुलगा, पण आता गेटवर घातलाय त्याला.” दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकांनी मौनीबुवांना अडवलं, खांद्यावर हात ठेवला आणि कुठलंही काम हलकं नसतं, असं हळू आवाजात सांगितलं. मौनीबुवा खुलासा करणार होते. वाक्य तयार होईपर्यंत काका दोन पायऱ्या उतरले होते.

बायको पाणीपुरवठा कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची. सकाळी दहापासून साडेपाचपर्यंत माणसं येऊन तिला आपापल्या नळाचं गाऱ्हाणं सांगायची. ती ऐकून घ्यायची, नोंदवून घ्यायची, ‘बघतो’ म्हणायची. त्यामुळे घरी आल्यावर आपलं कुणीतरी ऐकावं, एवढीच तिची मागणी होती. ती लग्नापासून पुरी झालेली नव्हती. ती बोलायची आणि मौनीबुवा वर्तमानपत्रामागून हं म्हणायचे. मध्येच ती मुद्दाम गप्प बसायची, तरी हं यायचंच.

त्या दिवशी ती आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “एक माणूस आज तिसऱ्यांदा आला. त्याच्या बोलण्याचा मला इतका वैताग आला, की खिडकी बंद करून निघून जावंसं वाटलं.”

वैताग येणे. मौनीबुवांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, वही काढली आणि लिहून घेतलं.

बायको बघतच राहिली. “काय लिहिताय?”

“तू बोल,” मौनीबुवा म्हणाले.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि ‘तू बोल’ हे शब्द तिने या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ती खुर्ची ओढून समोर बसली.

पुढचे सात-आठ महिने त्या घरात जे चाललं, त्याला सुखाचे दिवस म्हणायला हरकत नाही. बायको बोलायची, मौनीबुवा लिहून घ्यायचे. तिला वाटलं, नवऱ्याला आपल्या म्हणण्याची किंमत कळली आणि विसरायला नको म्हणून तो टिपून ठेवतो. त्यात तथ्यही होतं. कपाटाचं दार लागत नाही, हे वाक्य त्यांनी तीनदा लिहून घेतलं, आणि तिसऱ्यांदा लिहिल्यावर त्यांना खरोखरच ते दार आठवलं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी बिजागरी बदलली. बायकोने बहिणीला फोन केला आणि म्हणाली, “अगं, ह्यांच्यात फार फरक पडलाय. मध्येच थांबवून विचारतात, हे पुन्हा सांग म्हणून.”

खरं काय ते तिला सांगावं, असं मौनीबुवांना दोनदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे बोलावं लागणार होतं. आणि एकदा सांगितलं की ती जपून बोलणार, हेही दिसत होतं. पस्तीस अर्थ झाले होते, सहा राहिले होते. त्यांनी मनाशी ठरवलं, कोश छापून झाला की सांगू.

कोश छापून झाला आणि त्यांच्या आधी कोशानेच सांगितलं.

एका सुट्टीच्या दुपारी घरपोच प्रत आली. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची, कोऱ्या कागदाच्या वासाची. मेहुण्याने ती हौसेने उघडली. “भावजींचा शब्द काढू या,” म्हणाला. सगळे सोफ्याभोवती जमले. आईने तिचं भिंग आणलं. ते मेहुण्यानेच दुकानातून आणून दिलेलं होतं.

“अडीच पानं,” मेहुणा कौतुकाने म्हणाला. “अख्ख्या कोशात एवढा मोठा शब्द नसेल.” आणि तो मोठ्याने वाचू लागला. इंग्रजी वाक्य तो गाळायचा आणि खालचं आपल्या भाषेतलं वाचायचा. “अर्थ पहिला, मिळणे. ‘तक्रार केली की पावती मिळते, पाणी मिळत नाही.’ वा. हे ताईच्या ऑफिसातलं वाटतं.”

बायको हसली. “मीच म्हणाले होते. बघा, लक्षात ठेवलं ह्यांनी.”

“अर्थ चौथा, होणे. ‘या घरात बोलणारे वाढताहेत आणि ऐकणारे कमी होताहेत.’ अर्थ सातवा, मिळवणे. ‘पंधरा दिवसांत खोली मिळवतो म्हणाला होता, आता त्याला’...” मेहुण्याचा आवाज खाली आला. “‘...आता त्याला अडीच वर्षं झाली.’”

मेहुण्याने सोफ्यावरून थोडं पुढे सरकून बसल्यासारखं केलं आणि पुढे वाचलं. खरं तर तिथेच थांबायचं, पण त्यालाही आता आणखी कुणाची पाळी येते ते बघायचं होतं.

“अर्थ अकरावा, आजार होणे. ‘सासूबाईंना सर्दी झाली की सगळ्या इमारतीला कळतं.’ अर्थ तेविसावा, पटणे. ‘सासूबाईंचं आणि माझं पटतं, कारण त्यांना अर्धंच ऐकू येतं.’”

“काय म्हणाला?” आईने विचारलं.

“काही नाही, आई,” बायको म्हणाली.

पण आईने भिंगासकट कोश आपल्याकडे ओढून घेतला होता. तिने तेविसावा अर्थ वाचला. मग सावकाश, ओळीवर बोट ठेवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नोंद वाचली. दहा मिनिटं लागली. मग भिंग खाली ठेवून ती मुलाला म्हणाली, “मी मोजली. हिची वाक्यं सव्वीस. माझी चार. त्यातलं एक तर मी दूधवाल्याला बोलले होते.”

“आई, तसं नाही...” मौनीबुवांनी सुरुवात केली.

“तुला बोलायला मी शिकवलं,” आई म्हणाली. “आणि तुझ्या पुस्तकात माझी चार वाक्यं.”

बायको मात्र मोजत नव्हती. तिने कोश हातात घेतला आणि तिसाव्या अर्थापाशी थांबली. विवाह होणे. उदाहरण: ‘लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हे लाजतात म्हणून बोलत नाहीत.’ हे वाक्य ती नेमकं कधी बोलली होती ते तिला आठवत होतं. लाइट गेले होते, दोघंच गॅलरीत बसले होते, आणि बोलता बोलता ते तिच्या तोंडून गेलं होतं. तेव्हा मौनीबुवा उठून आत गेले होते. वाईट वाटलं असेल म्हणून तिने आपणहून तो विषय सोडून दिला होता.

“तेव्हा तुम्ही वही आणायला गेला होतात का?” तिने विचारलं.

मौनीबुवांनी मान हलवली.

“मला वाटलं, तुम्ही माझं ऐकताय.”

“ऐकतच होतो.”

“माझं नाही, गेटचं ऐकत होतात.” तिने कोश मिटला आणि सोफ्यावर ठेवला. “आमच्या खिडकीवर निदान लोकांना माहीत असतं की तक्रार नोंदवली जाते आहे.”

त्या दिवसापासून बायको कमी बोलू लागली असं म्हणता येणार नाही. ती तेवढंच बोलायची, पण ज्याचा कोशाला काडीचाही उपयोग नाही असंच. “दार लावलंय. पाणी भरलंय. किल्ली खुंटीवर आहे.” यातून एक गेट निघेल तर शपथ. चुकून ओठावर एखादं चांगलं वाक्य आलंच, तर ती मध्येच थांबायची, नवऱ्याच्या खिशाकडे बघायची आणि आत निघून जायची. खिसा आता रिकामा होता, पण ते सांगणार कोण?

मेहुण्याला अकराव्या दिवशी खोली मिळाली. तीन वर्षं न मिळालेली खोली एका छापील ओळीने मिळाली. जाताना तो रागावलेला नव्हता. उलट म्हणाला, “भावजी, खरं तर मी शोधतच नव्हतो. छापलेलं वाचलं तेव्हा कळलं.” तो गेल्यावर सोफा एकदम मोठा दिसू लागला. आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणी राहिलं नाही, आणि तिने याचा दोषही मुलाच्या शब्दाला दिला.

इकडे कोश धडाक्यात खपत होता. नेहमी कोशाबद्दल कचेरीत पत्रं यायची ती कुठल्या पानावर कोणतं अक्षर उलटं पडलंय हे सांगणारी. आता वेगळीच येऊ लागली. एका मास्तरांनी लिहिलं, की मुलं दुसरा कुठलाच शब्द बघत नाहीत, गेट मात्र पहिल्यापासून एकेचाळीसपर्यंत गोष्टीसारखा वाचतात. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी कडक शब्दांत विचारलं, की शब्दकोशात लोकांचं घर घुसवायचं कारण काय, आणि खाली ताजा कलम म्हणून विचारलं, की कपाटाचं दार दुरुस्त झालं का. मुलींच्या एका शाळेतून बेचाळीस सह्यांचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता: अर्थ सातमधल्या माणसाला खोली मिळाली का?

संपादकबाई खुश होत्या. “दुसरी आवृत्ती काढायची,” त्या म्हणाल्या. “मौनीबुवा, तुम्ही हे केलंत कसं?”

“माझ्या घरची वाक्यं आहेत,” मौनीबुवा म्हणाले. “ती काढायची आहेत.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एका दमात दोन वाक्यं त्यांनी एकोणीस वर्षांत प्रथमच ऐकली होती. कारण त्यांनी विचारलं नाही, त्यांना ते दिसलं.

“काढा,” त्या म्हणाल्या. “पण जागा मोकळी राहता कामा नये. जेवढ्या ओळी निघतील तेवढ्या भरून द्या.”

मौनीबुवांनी सव्वीस वाक्यं रचली. पंधरा दिवस लागले. आता नोंदीत एक वेगळंच कुटुंब राहायला आलं. त्यातल्या बाईंना कधी वैताग येत नव्हता. त्यांना पत्र मिळायचं आणि आनंद व्हायचा. त्यांचे यजमान वेळेवर घरी पोचायचे. पाहुणे यायचे आणि दोन दिवसांत समाधानाने निघायचे. सासूबाईंना सर्दी झाली की औषध घेऊन लगेच बरं वाटायचं. मौनीबुवांनी या नव्या नोंदीची मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे नेमकी बायकोच्या बसायच्या जागेपुढे ठेवली. तोंडाने सांगायच्या ऐवजी त्यांना एवढंच सुचलं.

बायकोने ती बघितली. हात धुऊन आली, बसली आणि वाचू लागली. मौनीबुवा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“ही कोण बाई?” तिने विचारलं.

“कुणी नाही. रचलेली आहे.”

“हिला कधी कंटाळा येत नाही?”

“नाही.”

“राग?”

“नाही.”

बायकोने पान उलटलं. “सर्दी झाली तरी ही आनंदाने काम करते.” तिने आणखी एक ओळ वाचली, मग मुद्रितं पुढे ढकलली. “मला नाही आवडली ही. अशी बाई आमच्या खिडकीवर आली तर मी तिची तक्रारच नोंदवणार नाही. हिला पाणी लागतच नसेल.”

मौनीबुवांना हसू आलं. ते दाबायला हवं की नको, हे त्यांचं ठरेना.

“ठेवा माझी वाक्यं,” बायको म्हणाली. “पण तुम्ही विचारून घेतली नाहीत, तर आता मी सांगेन तशी ठेवायची. पहिलं म्हणजे, सातव्या अर्थातलं माझ्या भावाचं काढा. त्याला खोली मिळालीये.”

“मुलींच्या शाळेने विचारलंय.”

“मग मिळाली म्हणून छापा. दुसरं, आईंची चार आहेत त्यांची आठ करा, रोज माझ्यावर राग काढतात त्या. आणि तिसरं...” ती जरा थांबली. “सव्वीस वाक्यं माझी. आईंची आहेत, भावाचीही आहेत, दूधवाल्याशी झालेलं बोलणं आहे. तुमचं एकही नाही. एक तुमचं घाला. रचलेलं नको. बोललेलं.”

मौनीबुवांनी मान हलवली.

“आणि मान हलवलेली चालणार नाही,” बायको म्हणाली.

आईचं काम सोपं निघालं. आपली वाक्यं छापायची आहेत हे कळल्यावर ती दोन दिवस सकाळपासून मोठ्या आवाजात बोलत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर “हे घेतलं का?” असं विचारत होती. त्यातून चार निघाली. मेहुणा खोलीतून फोन करून म्हणाला, माझी ओळ नीट लिहा, पंख्यासकट खोली मिळाली असं लिहा.

अडलं ते मौनीबुवांपाशी. दिवसभर ते एका वाक्याच्या शोधात असायचे. एखादं सुचायचं, पण तपासून पाहिलं की ते रचलेलं निघायचं. बायको विचारायची नाही. नुसती बघायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती तक्रार खिडकीवरची एक हकिकत सांगत होती. एक माणूस, त्याचा शेजारी आणि दोघांमधला एक नळ. आई मध्येच तिच्या माहेरच्या विहिरीवर गेली, तिथून बायको आईच्या औषधावर आली, आणि मौनीबुवा खुर्चीत पुढे सरकून तोंड उघडून तसेच बसले होते.

“काय?” बायको म्हणाली.

“मला बोलायचं नसतं असं नाही,” मौनीबुवा म्हणाले. “पण तुमच्या बोलण्यात मला शिरायला फट सापडत नाही. सापडते तोवर विषय बदललेला असतो.”

एवढं बोलून त्यांनाच दम लागला. आईने विचारलं, “काय म्हणाला?”

“बोलला,” बायको म्हणाली. मग ती त्यांच्याकडे वळली. “म्हणजे दोष परत माझाच.”

“तुझा आणि आईचा.”

“आणि यात गेट कुठे बसतो?”

“बसतो,” मौनीबुवा म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “इंग्रजीत याला गेटच लागतो. बोलणाऱ्यांच्या मधे एक शब्द कसाबसा आत घुसवणे. हा अर्थ मी घेतलाच नव्हता. बेचाळिसावा होईल.”

पुढची पाच मिनिटं ते सलग बोलले. विषय गेटचा होता, पण बायकोने अडवलं नाही.

नोंद छापायला गेली. आठवड्याने पानाचं शेवटचं मुद्रित आलं आणि त्यात बेचाळिसावा अर्थ नव्हता. मौनीबुवांनी ते बाईंपुढे धरलं. बाई म्हणाल्या, “अहो, पान भरलं. तुमच्या आईंची चार वाक्यं वाढली, खोलीला पंखा लागला, त्यात जागा गेली. शेवटचं होतं म्हणून उडालं. पुढच्या आवृत्तीत बघू.”

मौनीबुवांनी मान हलवली आणि घरी येऊन सांगितलं. सांगितलं, म्हणजे मुद्रित टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने दोन तासांची रजा टाकली आणि दुपारी ती कोशाच्या कचेरीत हजर झाली. क्यू, एक्स, झेडवाले गृहस्थ तिला बसायला खुर्ची द्यायला उठले, पण ती सरळ संपादकबाईंच्या टेबलापाशी गेली.

“अर्थ एक ते एकेचाळीसमधली मी,” ती म्हणाली.

संपादकबाई उठून उभ्या राहिल्या. मंत्री आले तेव्हाही त्या बसून होत्या, असं कचेरीत नंतर सांगत होते.

“तुमच्याबद्दल फार पत्रं आली,” बाई म्हणाल्या.

“आली असतील. ह्यांचं एक वाक्य तुम्ही काढलंत.”

“जागा नव्हती. किती ओळी आहेत त्या, बघा. इंग्रजी दोन, आपल्या दोन.”

“लोकांना पाणी नाही म्हणून सांगायचं काम मी वीस वर्षं करतेय,” बायको म्हणाली. “पाणी असतंच. ते दुसरीकडे जात असतं. मला पान दाखवा आणि पेन्सिल द्या.”

मौनीबुवा आपल्या टेबलावरून बघत होते. उठावं की बसून राहावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. बायको उभ्यानेच पानावर वाकली, ओळी मोजल्या, तिसाव्या अर्थातल्या ‘हे लाजतात म्हणून बोलत नाहीत’ या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि पेन्सिल परत दिली. बाईंनी वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “हे काढायचं? हे तर सगळ्यांत चांगलं आहे. याच्यावरच सगळ्यांत जास्त पत्रं आली.”

“माझं आहे ना? मग काढा. त्या अर्थाला त्याच्याच ओळीत मावेल असं काहीतरी लहानसं घाला. ‘लग्न झालं, मग जेवणं झाली’ असं काहीतरी.”

ती निघाली तेव्हा मौनीबुवा तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आले. कधी नव्हे ते त्यांनीच विचारलं, “तेच का काढलंस?”

“चार ओळींचं तेवढं एकच होतं,” बायको म्हणाली आणि भरभर पायऱ्या उतरू लागली, कारण तीनच्या आत तिला खिडकीवर पोचायचं होतं.